मदत हवी आहे : लॅप स्टीलच्या बेंडरने ओढलेली तार सुरात परत येत नाही

रानपाखरू (मंगळवार, रात्री ११:४०)
नमस्कार. थेट मुद्द्यावर येते. माझ्याकडे बेंडरवाली लॅप स्टील आहे, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार. बेंडर म्हणजे एखादी तार ओढून तिचा स्वर चढवणारी यंत्रणा. सहा तारांची, हाताने बनवलेली, चांगल्यातली. तळहाताच्या कडेने दाबायचे दोन लीव्हर आहेत. त्यातला एक दाबून सोडला की तार जागेवर येत नाही. दुसरा पूर्ण दाबला तरी स्वर पोचतच नाही. शिवाय ट्यूनरवर सगळं हिरवं दिसत असताना कॉर्ड कानाला खटकते. खालच्या तारा जरा मेल्यासारख्या वाजतात, पण ते नंतर बघू.
शनिवारी संध्याकाळी जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम आहे आणि दोन गाण्यांत स्टील माझी आहे. पुण्यात ज्यांना दाखवली त्यांनी असा ब्रिज आधी हाताळलेला नाही. स्क्रू फिरवून झाले. कृपया लवकर सांगा.

मायक्रोमीटर (मंगळवार, रात्री ११:५८)
कोणती तार? कोणता स्वर? परत येत नाही म्हणजे उतरलेली राहते की चढलेली? लांबी किती? कोणता स्क्रू, किती फिरवला? एवढं कळल्याशिवाय कुणीच काही सांगू शकणार नाही. आमच्या टूलरूममध्ये मशीन बिघडलं म्हणून कुणी आलं की आम्ही आधी हेच विचारायचो.

आवाजवाला (बुधवार, सकाळी ७:१५)
खालच्या तारा मेल्यासारख्या वाजतात म्हणजे केबल किंवा जॅक. कार्यक्रमाआधी जॅकचं सोल्डरिंग तपासून घ्या. मी तीस वर्षं साउंड देतोय, दहातल्या आठ तक्रारी केबलच्या निघतात. आणि स्टीलला कॉम्प्रेसर कमीच लावा, नाहीतर बारची खरखर पुढे येते.

कोमल_निषाद (बुधवार, सकाळी ८:०२)
ताई, बेंडर बाजूला ठेवा आणि मींड बारने घ्या. गिटारवादक ब्रिजभूषण काबरांनी १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीने ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा कुठला लीव्हर होता? व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली, सगळ्यांनी सिनेमाची गाणी नुसत्या बारवर वाजवली आणि घराघरांत पोचवली. तुमचा कार्यक्रमही त्याच गाण्यांचा आहे. यंत्र जितकं वाढेल तितकं बिघडेल.

रानपाखरू (बुधवार, सकाळी ९:३०)
@मायक्रोमीटर, ओपन ई लावली आहे, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की ई कॉर्ड वाजते. जाडीकडून ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. तारांचे क्रमांक मात्र बारीककडून. लांबी साडेबावीस इंच. दुसरी तार बीची सी शार्प व्हायला हवी, तिसरी जी शार्पची ए. दुसरी सोडल्यावर उतरलेली राहते. तिसरी ए पर्यंत पोचत नाही, अर्ध्याहून थोडी पुढे जाऊन अडते. स्क्रू म्हणजे लीव्हर कुठे थांबावा हे ठरवणारा. तिसरीचा पूर्ण सैल केला आहे.
@आवाजवाला, केबल बदलून बघितली. तसंच.
@कोमल_निषाद, बारवर मींड घेतेच. हे वेगळं आहे.

ह्यूस्टनकर (बुधवार, सकाळी १०:१०)
इथे रात्र झाली आहे, पण हे वाचून झोप लागणार नाही. बारा वर्षं पेडल स्टील (पायाच्या पेडलने तारा ओढायची स्टील गिटार) वाजवतो आहे.

कोमल_निषाद यांना आधी नम्रपणे सांगतो. बार सरकवला की त्याच्याखालच्या सगळ्या तारा एकदम सरकतात. बेंडरने एक तार चालते आणि बाकीच्या उभ्या राहतात. ओपन ईमध्ये ई हा सा धरा. तीन तारा सा, ग, प अशा वाजताहेत. दोन्ही लीव्हर दाबले की ग चा म होतो, प चा ध होतो, सा तिथेच राहतो. म, ध, सा. म्हणजे बार न हलवता दुसरी कॉर्ड तयार झाली, आणि तीही मींडेने. बार तिरपा धरून यातलं थोडं साधतं, सगळं नाही. १९५४ साली अमेरिकन कंट्री गायक वेब पिअर्सच्या एका गाजलेल्या गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्सने वाजता वाजता पेडल दाबून तारा अशा सरकवल्या, आणि पुढे त्याच आवाजासाठी लोक पेडल स्टीलकडे वळले. तुमच्याकडे आहे ते त्याचंच तळहाताने चालवायचं छोटं रूप.

आता ताईंचा प्रश्न. एक चाचणी करा. दुसऱ्या तारेचा लीव्हर दाबा, सोडा. तार उतरलेली आहे ना? आता नटच्या (खुंट्यांजवळची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) मागे, नट आणि खुंटी यांच्यामधल्या तुकड्यावर, बोटाने हलकेच दाबून सोडा. स्वर पुन्हा वर येऊन जागेवर बसला तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. ओढताना खुंटीकडची थोडी तार पुढे सरकते, सोडल्यावर घर्षणामुळे मागे जात नाही, म्हणून पुढे ढील राहते. दाबूनही फरक पडला नाही, तर खुंटीवरचे वेढे किंवा तारेच्या ब्रिजकडच्या टोकाला असलेल्या बॉलजवळचा पीळ सरकतो आहे.

आणि तारा कोणत्या आहेत? आकडे हवेत.

मायक्रोमीटर (बुधवार, सकाळी ११:२५)
चाचणी योग्य. पण माझं मत स्पष्ट आहे, नटची खाच कानसून मोठी करा. बारीक सुई-कानस घ्या आणि खाच खुंटीच्या दिशेने उतरती ठेवा.

तिसऱ्या तारेचा हिशेब मांडतो, म्हणजे स्क्रू किती नाजूक आहे ते कळेल. साडेबावीस इंचांवर बीची सी शार्प करायला प्लेन (वर काही न गुंडाळलेली) तार बोलत्या लांबीत, म्हणजे नट ते ब्रिज, साधारण अर्धा मिलिमीटर ताणावी लागते. जी शार्पची ए करायला दोन दशांश मिलिमीटरसुद्धा लागत नाहीत. प्लेन तारेत जाडीने हा आकडा बदलत नाही, जाड तारेला फक्त जोर जास्त लागतो. म्हणजे सगळ्यात सोपं काम तिसरीचं आहे, आणि नेमकी तीच पोचत नाही. हे मला पटत नाही.

ह्यूस्टनकर (बुधवार, सकाळी ११:४०)
कानस अजिबात लावू नका! चांगल्या वाद्याचा नट एकदा कानसला की परत येत नाही, आणि कारण कळण्याआधी धातू काढायचा नसतो. तारांचे आकडे येऊ द्यात.

मायक्रोमीटर (बुधवार, दुपारी १२:०५)
चाळीस वर्षं धातूच काढतोय. खाच अरुंद असेल तर दुसरा इलाज काय?

ह्यूस्टनकर (बुधवार, दुपारी १२:११)
बारीक तार.

लेकीची_आई (बुधवार, दुपारी १:४०)
धागा छान आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला गिटार शिकायची आहे. नायलॉनच्या तारांची घ्यावी की स्टीलच्या? बोटं दुखतात म्हणते. कुणी सांगेल का?

आवाजवाला (बुधवार, दुपारी २:०५)
नायलॉन घ्या, छोट्या मापाची. बोटं कमी दुखतील.

कोमल_निषाद (बुधवार, दुपारी २:२०)
मी असहमत. नायलॉनवर शिकलेल्या मुलांना पुढे स्टीलवर पुन्हा सवय करावी लागते. तिला मांडीवर आडवी ठेवून बारने वाजवायला शिकवा, बोटं दुखण्याचा प्रश्नच नाही. स्टील गिटारचे जनक मानले जाणारे जोसेफ केकुकू हवाईत या वादनाच्या मागे लागले तेव्हा शाळकरी वयाचेच होते.

रानपाखरू (बुधवार, संध्याकाळी ६:५०)
ऑफिसातून आत्ता आले. ह्यूस्टनकर, चाचणी केली. नटच्या मागे दाबलं की दुसरी तार टुणकन जागेवर येते! तीनदा केलं, तीनही वेळा.

तारांच्या जाडीचे आकडे (इंचांत) पाकिटावर आहेत : .०१२, .०१६, .०२४, .०३२, .०४२, .०५३. तीन आठवड्यांपूर्वी बदलल्या. वाद्य भावाने अमेरिकेतून आणलं तेव्हाच्या तारा पावसाळ्यात गंजल्या होत्या. त्या कोणत्या होत्या ते माहीत नाही, पण बऱ्याच बारीक होत्या. तेव्हा हे काहीच होत नव्हतं.

ह्यूस्टनकर (बुधवार, संध्याकाळी ७:०४)
ताई, तारा बदलल्यापासून सुरू झालं हे पहिल्याच ओळीत हवं होतं! हा अकूस्टिक गिटारचा सेट आहे. तिसरी .०२४ म्हणजे वाउंड, वरून ब्राँझ गुंडाळलेली.

मायक्रोमीटर (बुधवार, संध्याकाळी ७:३०)
आता हिशेब जुळला. मी प्लेन तार धरली होती. वाउंड तारेत ताण पेलतो तो आतला गाभा, आणि तो बाहेरच्या मापापेक्षा बराच बारीक. तोच ताण कमी जाडीवर येतो म्हणून गाभा आधीच खूप ताणलेला असतो. मग तेवढंच आणखी ओढलं तरी स्वर जवळजवळ निम्माच चढतो. लीव्हरची चाल संपते आणि ए येत नाही. स्क्रूचा दोष नाही, ब्रिजचाही नाही.
आणि .०१६ ही बारीक तारेसाठी कापलेल्या खाचेत घट्ट बसली असणार. कानस लावा असं म्हणालो होतो ते मागे घेतो.

आवाजवाला (बुधवार, रात्री ८:१५)
थांबा, मग माझाही मुद्दा सुटला. ब्राँझला चुंबकीय पिकअप दाद देत नाही, त्याला फक्त आतलं पोलाद कळतं. खालच्या तारा मेल्यासारख्या वाजतात त्या म्हणूनच. केबलचा काही दोष नव्हता.

ह्यूस्टनकर (बुधवार, रात्री ८:३०)
अगदी बरोबर. उद्या हे करा. लॅप स्टीलचा खास सेट शोधण्यात वेळ घालवू नका. इलेक्ट्रिक गिटारचा ११ चा सेट घ्या : .०११, .०१४, .०१८, .०२८, .०३८, .०४८. पाकिटावर तिसरी प्लेन असल्याची खात्री करून घ्या. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, मऊ पेन्सिल, ४बी मिळाली तर उत्तम. खुंटीवर दोन-तीन वेढे, एकावर एक न चढवता, खाली उतरत जाणारे. नंतर प्रत्येक तार मधोमध धरून हलकेच ताणा, पुन्हा सुरात घ्या, पुन्हा ताणा, चार-पाचदा. हे टाळलंत तर शनिवारी स्टेजवर तार उतरेल.

तिसरीचा स्क्रू तुम्ही पूर्ण सैल केला आहे. नवी तार लावल्यावर ती ए च्याही पुढे जाईल, घाबरू नका. स्क्रू पाव वळशाने आत घेत या. क्रम महत्त्वाचा : आधी सगळ्या तारा मोकळ्या लावा, मग लीव्हर दाबून वरचा स्वर स्क्रूने लावा, मग पुन्हा मोकळा स्वर तपासा. वरचा स्वर खुंटीने कधीच लावायचा नाही.

जर्मनस्थ (बुधवार, रात्री ११:१०)
उशिरा आलो. माझ्याकडे ड्युसेनबर्गचा मल्टिबेंडर आहे, त्यात लीव्हर हव्या त्या तारेवर हलवता येतात. मी ओपन डी वापरतो. लीव्हर फार मऊ लागतात, कारण ताणच कमी. ताईंनीही डीमध्ये लावून बघावं.

रानपाखरू (बुधवार, रात्री ११:३०)
गाणी ईमध्येच बसवली आहेत, आता नाही बदलता येणार. पण तो खटकणारा कॉर्डचा प्रश्न कुणीच घेतला नाही. ट्यूनर हिरवा दाखवतो तरी म-ध-सा कानाला बोचतं.

कोमल_निषाद (गुरुवार, सकाळी ६:१०)
हा प्रश्न माझा आहे. ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो, सगळे १०० सेंटांचे (सेंट म्हणजे स्वरांतलं अंतर मोजायचं माप). त्याचा ग सा पासून ४०० वर. तंबोऱ्यात ऐकू येतो तो शुद्ध गांधार ३८६ वर. ट्यूनरचा ध ९०० वर, म शी जुळणारा ध ८८४ वर. पियानोवर कान ही तडजोड सोसतो, पण बारवर तिन्ही स्वर लांब टिकतात आणि त्यांच्यातले ठोके, म्हणजे स्वर न जुळल्यामुळे येणारी थरथर, ऐकू येत राहतात. सा लावा, तंबोरा ॲप सुरू ठेवा, आणि ग व ध ठोके थांबेपर्यंत उतरवा. ग मोकळ्या तारेचा आहे, तो खुंटीने. ध लीव्हरचा आहे, तो स्क्रूने. ट्यूनर बंद.

ह्यूस्टनकर (गुरुवार, सकाळी ६:४५)
मनापासून अनुमोदन. पेडल स्टीलवाले बरेच जण गांधार उतरताच लावतात. एक भर घालतो : दोन्ही लीव्हर एकदम दाबले की ताण वाढून वाद्य किंचित वाकतं आणि बाकीच्या तारा दोन-तीन सेंट उतरतात. म्हणून सहावी तार लीव्हर दाबूनही एकदा ऐका आणि मध्ये कुठेतरी ठेवा.

मायक्रोमीटर (गुरुवार, सकाळी ९:००)
वाद्य वाकतं म्हणजे बांधणी कमकुवत. इतक्या चांगल्या वाद्यात हे व्हायला नको.

ह्यूस्टनकर (गुरुवार, सकाळी ९:०८)
सगळ्यांतच होतं, कमी-जास्त. लाकूड आहे.

लेकीची_आई (गुरुवार, दुपारी १२:३०)
आडवी ठेवून वाजवायची कल्पना तिला आवडली. साध्या गिटारवर चालेल का?

कोमल_निषाद (गुरुवार, दुपारी १२:५०)
हो. नटवर चढवायचा उंच धातूचा नट मिळतो, तो बसवा. तारा बोर्डापासून वर उचलल्या जातात. बार हलका घ्या, मुलीचा हात लहान आहे.

रानपाखरू (शुक्रवार, रात्री १०:२०)
काल सेट मिळाला, आज दिवसभर बसले. पहिली गोष्ट : दुसरी तार परत येते. वीस वेळा दाबली-सोडली, वीसही वेळा. तिसरी खरंच ए च्या पुढे गेली, साडेतीन वळसे आत घ्यावा लागला स्क्रू. खालच्या तारा जिवंत झाल्या. भावाला फोन करून ऐकवलं.

कॉर्ड तंबोऱ्यावर लावली. पहिल्यांदा हात थांबला, कारण ट्यूनरने शिकवलेल्या कानाला ग उतरलेला वाटत होता. मग लीव्हर दाबून म-ध-सा वाजवलं आणि ते एकच आवाज असल्यासारखं उभं राहिलं. सहावीचं तेवढं अजून नीट जमलेलं नाही.

कोमल_निषाद (शुक्रवार, रात्री १०:४१)
ध कुठे थांबवलात?

रानपाखरू (शुक्रवार, रात्री १०:५५)
लावताना पाहिलं नाही. नंतर ट्यूनर धरला तर ८८६.

कोमल_निषाद (शुक्रवार, रात्री १०:५७)
राहू द्या तसाच. उद्या ट्यूनर घरी ठेवून जा.