बळ्ळारी नाल्याला भिंती घाला म्हणे! आणि आमच्या भाताचं काय?

शिवारकर : काल टिळकवाडीच्या एका साहेबांनी लिहिलं, आपल्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घाला, वर वॉकिंग ट्रॅक करा, अहमदाबादच्या साबरमती नदीसारखं; पूर जाईल, शहर देखणं दिसेल. वाचून तिडीक गेली.

अहो, भिंतीतून सुटलेलं पाणी जाणार कुठं? खाली, जुने बेळगाव-हलग्याच्या शिवारात. नाला तुंबतोय जलपर्णीनं, गाळानं आणि हायवेखालच्या अरुंद मोऱ्यांनी. आमच्या काळ्या मातीत पाऊस उघडला तरी पाणी हटत नाही. रोप वरून हिरवंगार, उपटलं की मूळ काळं, कुजका वास. मग दुबार लावण, तीही रोप मिळालं तर. आणि साबरमतीत नर्मदेच्या कालव्याचं पाणी सोडतात. इथं काय सोडणार? सोडताय तेच की, गटार!

टिळकवाडीकर : तो साहेब मीच. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा कुणाचं शिवार आठवलं नाही. पोरीची दहावीची पुस्तकं गच्चीवर वाळत घातली होती. आणि नाल्याकाठचे प्लॉट पाडून विकले कुणी ओ? आम्ही का?

वडगावची सून : विकले. नणंदेचं लग्न, सासऱ्यांचं ऑपरेशन, भाताला भाव नाही. तुम्ही घेतलेत म्हणून विकले गेले! आणि त्या हलगा-मच्छे बायपासबद्दल चकार शब्द नाही? पिकाऊ जमिनीत भराव घातला म्हणजे पाण्याला बांधच की. त्याला विकास म्हणायचं, आम्ही कोर्टात गेलो की आडमुठे. ही बासमतीची जमीन आहे!

खडेबाजारी : कुठली बासमती, वहिनी? निम्म्या शिवारात इंद्रायणी. बासमती आता पाटीवरच.

वडगावची सून : आमच्याकडं या जेवायला. शेजारच्या घरात भात शिजला की कळायचं अशी बासमती. गटाराच्या पाण्यात वास राहील का? दुकानात कुठला तरी तांदूळ ‘बेळगाव बासमती’ म्हणून खपवणारे तुम्हीच.

खडेबाजारी : माझं कापडाचं दुकान आहे!

शिवारकर : मग तांदळात कशाला नाक? इंद्रायणी लावतोय कारण बासमतीचं पीक आडवं पडतं, उतारा कमी. हौस नाही.

कॅम्पातला : नाल्यावर या ओ सगळे. २०१६ मध्ये पहिल्या वीस स्मार्ट सिटीत नंबर लागला आपला. रस्ते खोदून झाले, पावसाचं पाणी काही वाट विचारत नाही.

टिळकवाडीकर : बरं बाबा, शेतकरी राजा जिंकला. आधी मोऱ्या रुंद करा, गाळ काढा, सांडपाणी अडवा. भिंती नंतर बघू. पण ट्रॅक पाहिजेच, डॉक्टरनी चालायला सांगितलंय.

शिवारकर : चाला की, बांधावरनं चाला, फुकट आहे. गाळाचं मात्र लिहून घ्या. मागं एका ठेकेदारानं आमच्या शेताजवळचा गाळ काढून काठावरच रचला. फोटो काढले, बिल उचललं. मिरगाच्या पहिल्या सरीला सगळा परत नाल्यात. काढलेला गाळ ट्रॅक्टरनं लांब नेणार असाल तर बोला, नाहीतर तुमचा ट्रॅकही त्याच्यावरच घाला.