खोकला नसला तरी घरच्यांची तपासणी

घरात एकाला क्षयरोग (टीबी) झाल्यावर ‘बाकी कोणालाच खोकला नाही, मग सगळ्यांचे एक्स-रे कशाला?’ हा प्रश्न स्वाभाविक असला, तरी क्षयरोगात फुप्फुसावर डाग दिसू लागतो तेव्हा खोकला सुरू झालेलाच असतो असे नाही. आशाताई घरी येऊन खोकला, ताप, वजनातील घट, रात्रीचा घाम यांची चौकशी करतात, ती सुरुवात समजावी.

सक्रिय रोग, म्हणजे जंतूंमुळे प्रत्यक्ष सुरू झालेला आजार, नाही याची खात्री झाल्यावर पाच वर्षांखालील मुलांना संसर्गाची वेगळी चाचणी न करताही प्रतिबंधक औषध देतात, आणि २०२१च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी हे उपचार घरातील मोठ्यांपर्यंतही आणले: सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा त्याच्या जोडीला रिफापेंटिन घेऊन आठवड्यातून एकदा असे १२ डोस. रिफापेंटिनने लघवी केशरी होते. हे आधी सांगितले नाही, तर घाबरून गोळ्या बंद होणारच. मात्र आधीची खात्री टाळून चालत नाही, कारण रोग सक्रिय असताना एकट्या आयसोनियाझिडवर राहिल्यास जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. रुग्णाचा क्षय औषधप्रतिरोधी असेल, तर घरच्यांच्या गोळ्याही बदलतात, म्हणून त्याचा अहवाल सोबत न्यावा.