रॅम एअर आणि कोल्ड एअर इन्टेकने पॉवर खरंच वाढते का?

प्रश्न
1.2 लिटर पेट्रोल गाडी, टर्बो नाही. एअरबॉक्स (एअर फिल्टरचा बंद डबा) काढून बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर बसवावा, की पुढून हवा घेणारा रॅम एअर डक्ट? फरक नक्की किती पडतो?

उत्तर 1
रॅम एअरमध्ये दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 100 किमीला तो जास्तीत जास्त 0.46 किलोपास्कल, वातावरणाचा दाब 101. म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही! ताशी 200 ला 1.8 टक्के, तेही डक्ट एअरबॉक्सपर्यंत हवाबंद असेल तर. रोजच्या गाडीत यावर पैसे घालू नका.

उत्तर 2
थंड हवेत मात्र तथ्य आहे. तापमान 3 अंशांनी उतरलं की हवेची घनता साधारण 1 टक्का वाढते. 60 अंशांऐवजी 35 अंशांची हवा मिळाली तर 8 टक्के. पण बहुतेक गाड्यांचा मूळ स्नॉर्कल, म्हणजे एअरबॉक्समध्ये हवा आणणारा पाइप, ग्रिलमागून किंवा फेंडरमधून बाहेरचीच हवा घेतो. उघडा कोन रेडिएटरमागची तापलेली हवा ओढतो. आवाज वाढतो, पॉवर उलट घटू शकते.

आधी मोजा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून ताशी 80 ला इन्टेकचं तापमान बघा. ते बाहेरच्यापेक्षा 5-7 अंशच जास्त असेल तर मिळवण्यासारखं फार उरलेलं नाही. सिग्नलला उभ्या गाडीत आकडा चढतोच, तो धरू नका. शिवाय फायदा दिसतो तो पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर. अर्ध्या थ्रॉटलला हवा थ्रॉटल प्लेटच (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) अडवत असते.

उत्तर 3
मास एअरफ्लो सेन्सर (इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा) असेल तर तो बसतो तिथला पाइप मूळ व्यासाचाच ठेवा. मोठ्या पाइपात हवेचा वेग कमी होतो, सेन्सर हवा कमी मोजतो आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोलमध्ये कायम करत असलेली दुरुस्ती, टक्क्यांत) +10 च्या वर गेली तर कारण तिथेच शोधा. पुढे मिश्रण लीन असल्याचा पी0171 हा एरर कोड येतो. तेल लावायच्या फिल्टरला तेल जास्त झालं तर ते सेन्सरच्या तारेवर बसतं.

फिल्टर बंपरखाली तर नकोच. साचलेलं पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

प्रश्नकर्ता
मूळ एअरबॉक्स हवा किती अडवतो, हे कसं कळेल?

उत्तर 2
पारदर्शक नळीचा, दोन्ही बाजू मीटरभर उंच असलेला यू करा आणि निम्मा पाण्याने भरा. एक टोक फिल्टर आणि थ्रॉटलच्या मधल्या पाइपला जोडा, दुसरं उघडं. पूर्ण थ्रॉटलला, वरच्या आरपीएमवर पातळ्यांतला फरक शेजारी बसलेल्याने वाचायचा. 10 सेंटीमीटर म्हणजे साधारण 1 टक्का दाब कमी. फरक जास्त आला तर आधी नवीन कागदी फिल्टर टाकून पुन्हा मोजा.