जांबोटीच्या रानात ३० फुटी मोटरहोम

बेळगावहून जांबोटीकडे ३० फुटी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, मुक्कामाला न्यावी का, असं एकानं विचारलंय. न्या की! पण आधी छतावरच्या एसीसकट उंची मोजा, लोंबत्या वायरी तिथंच अडकतात. पावसाळ्यात तांबड्या मातीत चाक रुतलं तर ट्रॅक्टरशिवाय निघत नाही बघा, मुरमाचीच जागा धरा. गाडी लेव्हल, म्हणजे सपाट उभी करताना खालच्या बाजूची चाकं आधी फळ्यांवर चढवा, मग जॅक टेका. जॅकनं मागची चाकं उचलू नका; हँडब्रेक बहुधा त्यांच्यावरच असतो, गाडी घसरते.

बाहेरची वीज घेताना २००० वॅटचा गीझर एकटाच जवळपास ९ अँपिअर ओढतो, त्यासोबत एसी नको. वायर २.५ चौरस मिलिमीटरची, आणि पूर्ण उलगडूनच. गुंडाळीत ती तापून वितळते.