प्रतिसाद: नाकतोड्याची फ्लाय नक्की न्या

दादा, सप्टेंबरात हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट मासा धरायला नाकतोड्याची ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारा, किड्यासारखा बांधलेला गळ) न्यावी का, असं विचारलंत. नक्की न्या. ऊन तापून वारा सुटला की काठच्या गवतातले नाकतोडे, मुंगळे पाण्यात पडतात, म्हणून मधल्या धारेपेक्षा काठ धरा.

आपल्या गोदावरीत ट्राउट नाही, तिला थंड पाणी लागतं. पण नाकतोडा इथंही बघता येतो. सोयाबीनच्या बांधावरचा एक ओढ्यात सोडा: अंग अर्धं बुडतं, मागचे लांब पाय झटके देतात. फ्लायही तशीच पाण्याला चिकटून तरंगायला हवी. ती जरा टपकन पडू द्या, ट्राउट त्या आवाजाला वळते. मात्र दोरी ताणून फ्लायमागे रेघ उठली की मासा बुजतो.

मासे धरायचं परमिट आधी काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथं ट्राउट धरायला बंदी असते.