फोडणी आणि तडका: एकच की वेगळे?

शब्दवेडी:
'वरणाला तडका दिला' असं आता मराठीतही सर्रास म्हणतात. फोडणी आणि तडका या शब्दांची मुळं कोणती? करण्यात काही फरक आहे का? आणि हिंदीतला बघार कुठून आला?

खलबत्ता:
फोडणी हे 'फोडणे'वरून आलेलं नाम, मागे संस्कृत 'स्फुट्' धातू. दाणा फुटतो, आपण तो तेलात फोडतो. तडका हिंदी 'तड़कना'वरून, म्हणजे आवाज करत तडा जाणे. आपली काच तडकते, मोहरी तडतडते, ते याच कुळातलं. म्हणजे दोन्ही शब्द दाण्याकडेच बोट दाखवतात. बघार मात्र निराळा. संस्कृतात 'व्याघारण' म्हणजे तूप शिंपडणे, आणि यज्ञात तुपाची धार सोडतात तो 'आघार'. गुजराती वघार तोच. तिथे महत्त्व ओतण्याला आहे. मला हा शब्द फार सुंदर वाटतो.

पळीभर:
फरक मुख्यतः वेळेचा. मराठीत भाजी 'फोडणीला टाकतात', म्हणजे फोडणी आधी आणि पदार्थ त्यात शिजतो. तडका बहुधा शिजलेल्या डाळीवर शेवटी ओततात, त्यात तूप, जिरे, लसूण, सुकी मिरची. पण कोशिंबिरीवर किंवा मठ्ठ्यावर आपणही वरूनच फोडणी घालतो, तेव्हा 'वरून घातला की तडका' हा नियम चालत नाही. मराठी पदार्थाला फोडणीच म्हणावं, असं माझं ठाम मत आहे.

शब्दवेडी:
खलबत्ता, पळीभर, दोघांचेही आभार. मग फोडणी कडू होते ती कशामुळे?

पळीभर:
बहुतेक वेळा क्रम चुकतो. चार जणांच्या भाजीला 2 मोठे चमचे तेल, अर्धा छोटा चमचा मोहरी. तेलात आधी दोन-तीन दाणे टाकून बघा. लगेच तडतडले तरच बाकीची घाला. तेल कोमट असेल तर मोहरी फुटत नाही आणि दाताखाली कडवट लागते. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ झाली की साल फुटतं, त्याला कडकडीत तेलच लागतं. तडतड ओसरू लागली की आच मंद करून जिरे, मग हिंग, कढीपत्ता, शेवटी हळद. हळद आणि हिंग काही सेकंदांतच करपतात, म्हणून हळदीपाठोपाठ लगेच भाजी घालायची. लाल तिखट तर गॅस बंद करूनच. मेथीदाणे असतील तर तांबूस होताच थांबा, काळे झाले की सगळं तेल कडू.

खलबत्ता:
एक भर घालतो. कढीपत्ता धुतल्यावर कोरडा पुसून घ्या, पाण्याचा थेंब तापलेल्या तेलात पडला की तेल अंगावर उडतं. आणि दह्याच्या कोशिंबिरीवर फोडणी जरा निवल्यावरच ओता, नाहीतर दही फाटतं.