सॅटेलाइट इमेजमधला भुरकट पट्टा: धूर का धूळ?

नवखा_निरीक्षक
मंडळी, दोन दिवस नासाच्या वर्ल्डव्ह्यू साइटवर सॅटेलाइटच्या ट्रू कलर (डोळ्यांना दिसतात तशा रंगांच्या) इमेज बघत बसलोय. एक लांबलचक भुरकट पट्टा दिसतोय आणि काही केल्या कळत नाहीये की वणव्याचा धूर आहे का उडालेली धूळ. आगीचे लाल ठिपके ऑन केले तर पट्ट्याखाली एकही नाही, म्हणजे धूळच ना? आणि रात्रीच्या इन्फ्रारेडमध्ये पट्टा गायबच!! खाली बसला का काय?

वावटळ७
खाली आग नाही म्हणून धूळ, असं नसतं हो. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर येऊन आकाश नारिंगी झालं होतं, तिथे कुठे होते ठिपके? एकेक दिवस मागे जात पट्ट्याचं शेपूट धरा, ते कुठून निघतंय बघा. ढगाखालची आग तर दिसतही नाही बऱ्याचदा.
आणि रात्री गायब झाला हाच मोठा क्लू आहे. धुराचे कण बहुतेक १ मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक, आणि रात्रीच्या इन्फ्रारेडचे थर्मल चॅनल १०-१२ मायक्रॉन तरंगलांबीचे, त्यांना तो धूर जवळपास आरपार दिसतो. धूळ जाडी आणि खनिज, ती अडवते. माझं मत धूर.

ढगातला_माणूस
थांबा जरा, घाई नको. विरळ धूळ जमिनीलगत असेल आणि तिचं तापमान जमिनीइतकंच असेल तर तीही रात्री दिसत नाही, मी स्वतः फसलोय यात. डस्ट आरजीबी (इन्फ्रारेड चॅनल मिसळून बनवलेली खोट्या रंगांची इमेज) लावून बघा, त्यात दाट धूळ गुलाबी-जांभळी उठून दिसते. ११ मायक्रॉनच्या चॅनलला दिसणाऱ्या तापमानातून १२ चं वजा केलं की येणारा फरक धुळीत उणे येतो, पातळ बर्फाळ ढगात अधिक, त्यावर चालतं ते सगळं.

नवखा_निरीक्षक
गुलाबी काहीच नाही. पण एरोसॉल इंडेक्स (हवेतले कण अल्ट्राव्हायोलेट किती शोषतात त्याचा आकडा) भरपूर आहे, त्याचं काय?

ढगातला_माणूस
त्याने निकाल लागत नाही, अल्ट्राव्हायोलेट दोघंही शोषतात. फायदा एवढाच की ढगावरून जाणारा थरही सापडतो. त्यापेक्षा सेंटिनेल-५पी सॅटेलाइटने मोजलेला कार्बन मोनॉक्साइड (सीओ) बघा, तो जळण्यातून येतो, धुळीतून नाही.

नवखा_निरीक्षक
बघितला! पट्ट्याच्या अंगाअंगाने सीओ वाढलेला आहे आणि तीन दिवस मागे गेल्यावर ठिपक्यांचा पुंजकाच सापडला. म्हणजे धूर. पण मग इथला पीएम २.५ (हवेतले बारीक कण) चा मीटर एकदम नॉर्मल कसा? पट्टा तर डोक्यावरच आहे.

वावटळ७
वर असणार, ३-४ किमी वगैरे. इमेज वरून खालपर्यंतचा अख्खा थर एकत्र दाखवते, नाकाशी किती आहे ते नाही सांगत. उंचीसाठी लायडर (लेझर सोडून थराची उंची मोजणारं यंत्र) लागतो, तो असलेला कॅलिप्सो सॅटेलाइट २०२३ मध्ये बंद झाला, आता अर्थकेअर सॅटेलाइट आहे पण त्याच्या मार्गाची रेघ नेमकी तुमच्या पट्ट्यावरून जायला नशीब लागतं. मीटरवर लक्ष ठेवा, दुपारी हवा घुसळली की कधीकधी खाली उतरतो. आणि हो, जिओस्टेशनरी सॅटेलाइटचा (एकाच जागेवरून सतत बघणारा) लूप सूर्योदय-सूर्यास्ताच्या आसपास बघा, तिरप्या उन्हात विरळ धूरसुद्धा मस्त उठून दिसतो, भर दुपारी तोच पुसल्यासारखा होतो.